दम आधी, हाडं मागून

चाळिशी-पन्नाशीतला माणूस पहिल्यांदा पळायला उतरतो, तेव्हा बहुधा दोनशे-तीनशे मीटरवर थांबतो. कमरेवर हात, छातीत धडधड आणि मनात एकच निष्कर्ष: आपलं वय झालं, हे आता जमायचं नाही. हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी कितीतरी माणसं दुसऱ्या दिवशी बूट कपाटात ठेवून देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या दोनशे मीटरांत वयाची परीक्षा झालेलीच नसते. परीक्षा होते ती वेगाची.

पळणं म्हणून आपल्याला ठाऊक असतं ते शाळेतल्या शंभर मीटरच्या शर्यतीतलं, नाहीतर सुटत्या लोकलचा डबा गाठतानाचं. पंचवीस वर्षांनी पळायला लागलो तरी पाय तोच वेग धरतात. त्या वेगाला स्नायूंना जितका प्राणवायू लागतो तितका हृदय पुरवू शकत नाही. मग स्नायू साठवलेली साखर प्राणवायूविना जाळू लागतात, रक्ताची आम्लता वाढते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मेंदू श्वास भराभर घ्यायला लावतो. धाप लागते ती यामुळे. बहुतेकांची फुप्फुसं या कामाला पुरेशी असतात. कमी पडतं ते हृदय एका ठोक्यात जेवढं रक्त पुढे ढकलतं ते, आणि त्या रक्तातला प्राणवायू वापरण्याची स्नायूंची ताकद. या दोन्ही गोष्टी सरावाने वाढतात, आणि पन्नाशीतही वाढतात.

म्हणून सुरुवात हळू करायची. इतकी हळू, की शेजारून भरभर चालणारा एखादा माणूस आपल्या पुढे निघून जाईल. हे मोजायला घड्याळ लागत नाही. पळता पळता बाराचा पाढा म्हणायला घ्या. एका श्वासात ‘बारा त्रिक छत्तीस’पर्यंत पोचता आलं, तर वेग बरोबर आहे. ‘बारा एके बारा’लाच श्वास तुटला तर वेग कमी करा, आणि तरी तुटत असेल तर चाला. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवून ‘झोन’ सांगतं. पण ते झोन बऱ्याचदा २२० वजा वय या ढोबळ सूत्रावर बेतलेले असतात, आणि खऱ्या माणसांत त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ती ठोके मुळातच कमी ठेवते. अशांना तर पाढाच जास्त भरवशाचा.

हळू पळणं ही कमी प्रतीची गोष्ट नाही. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधले धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड हे मूळचे बुटांच्या कारखान्यात काम करणारे. त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. याच लिडियार्डांनी पुढे मध्यमवयीन, हृदयविकार झालेल्या, बैठं काम करणाऱ्या माणसांना गप्पा मारता येतील अशा वेगाने पळायला लावलं. १९६२च्या अखेरीला अमेरिकेतल्या ओरेगनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे गेले होते. बॉवरमन तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, ऑलिंपिकचे धावपटू घडवणारे. पण त्या साध्या मंडळींबरोबर पळताना ते मागे पडले. सत्तरी पार केलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ त्यांना सोबत म्हणून मागे थांबले. बॉवरमन घरी परतले ते हे शिकून, आणि त्यांनी आपल्या गावात सामान्य नागरिकांसाठी असेच वर्ग सुरू केले. आज जगभर सकाळी रस्त्यांवर दिसणाऱ्या जॉगिंगच्या मागे त्या भेटीचा मोठा हात आहे.

पळायला लागण्याआधी एकदा डॉक्टरांकडे जावं. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार युरोपीय लोकांपेक्षा कमी वयात गाठतात, आणि बऱ्याच जणांना आपला रक्तदाब किंवा साखर वाढलेली आहे याचा पत्ताच नसतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी एवढं तरी पाहून घ्या. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ते कदाचित ट्रेडमिलची चाचणी सुचवतील. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर पळताना एकदम खाली येऊ शकते, म्हणून गोळीची वेळ विचारून घ्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. पळताना छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, चक्कर, थांबूनही न ओसरणारी धाप, यांपैकी काहीही झालं तर त्या क्षणी थांबायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्याला ‘गॅस’ म्हणून घरी बसू नये. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये ही लक्षणं पुसट असतात, म्हणून त्यांनी आणखी सावध राहावं.

आता प्रत्यक्ष रीत. १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यांसमोर ठेवून नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यावरून पाच किलोमीटरपर्यंत, या नावाने तो जगभर पसरला. त्याचा गाभा असा: आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. आधी पाच मिनिटं भरभर चालायचं. मग पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात नव्वद सेकंद पळणं, दोन मिनिटं चालणं. तिसऱ्यात तीन मिनिटांचे तुकडे येतात, चौथ्यात पाच मिनिटांचे. असं करत नवव्या आठवड्यात सलग तीस मिनिटं.

कार्यक्रम चांगला आहे, पण पंचेचाळिशीच्या पुढे, त्यातून वजन थोडं जास्त असताना, तो आहे तसा उचलू नये असं माझं ठाम मत आहे. पाचव्याच आठवड्यात तो आठ मिनिटांच्या तुकड्यावरून दोन दिवसांत सलग वीस मिनिटांवर उडी घेतो. ही उडी दमाला झेपते. पायांना झेपेलच असं नाही. प्रत्येक आठवडा दोनदा करा. नऊचे अठरा आठवडे झाले तर काही बिघडत नाही. आणि सगळ्यात आधी, सध्या चालायचीही सवय नसेल तर महिनाभर रोज अर्धा तास नुसतं चाला. सलग अर्धा तास भरभर चालता येईपर्यंत पळण्याची घाई नको. तीस मिनिटं पळता यायला लागलं तरी त्यात पाच किलोमीटर भरतीलच असंही नाही. आपल्या वेगाने किलोमीटरला आठ-नऊ मिनिटं लागत असतील तर ते साडेतीनच्या आसपास होतील, आणि ते पुरेसे आहेत.

या सगळ्या सावकाशीचं खरं कारण शरीराच्या आत आहे, आणि उशिरा सुरुवात करणाऱ्याने सर्वांत नीट समजून घ्यावी अशी गोष्ट हीच. पळायला लागल्यावर शरीरातला प्रत्येक भाग सुधारतो, पण प्रत्येकाचा काळ वेगळा. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, त्यामुळे हृदयात प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त भरतं. त्याच बळावर तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना पूर्वीइतका दम लागत नाही. पुढच्या महिना-दीड महिन्यात स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं आणि पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजलेली नाडी काही ठोक्यांनी उतरलेली दिसते. सहाव्या-सातव्या आठवड्यात माणसाला वाटायला लागतं, की आपण कितीही पळू शकतो.

हाच धोक्याचा काळ. स्नायूबंधांना, म्हणजे टाचेच्या वरची जाड दोरी, गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा यांना, रक्तपुरवठाच कमी असतो. ते बळकट व्हायला महिने लागतात. हाडांचं तर आणखी वेगळं आहे. नवा भार पडला की शरीर आधी जुनं हाड थोडंथोडं पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं, जास्त मजबूत हाड रचतं. ही एक फेरी पूर्ण व्हायला तीन-चार महिने जातात, आणि मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा किंचित नाजूकच असते. घराचा स्लॅब ओतल्यावर वरून तो टणक दिसला तरी कोणी लगेच खालचे टेकू काढत नाही. दिवस मोजून, पाणी मारून वाट पाहतात. नडगीच्या हाडालाही असंच वाट पाहणं हवं असतं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीनपट जोर जमिनीवरून परत येतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाच्या एका पायावर तो दीडशे ते सव्वादोनशे किलो झाला, आणि अशी पावलं मिनिटाला दीडशेच्या वर पडतात. दमावर विश्वास ठेवून दुप्पट पळणाऱ्याच्या हाडाला मग बारीक तडा जातो. नवशिक्यांच्या बहुतेक दुखापतींच्या मुळाशी दम आणि हाडं यांच्यातलं हे अंतर असतं. तरुणाचीही हाडं हळूच घडतात, पण चूक भरून यायला त्याला कमी दिवस लागतात. पंचेचाळिशीत ती मुभा कमी होते.

त्यामुळे कोणतं दुखणं चालवून घ्यायचं आणि कोणतं नाही, हे ओळखता आलं पाहिजे. दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच आंबल्यासारख्या होणं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त ठणकणं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसरणं हे स्नायूंचं नेहमीचं दुखणं आहे. त्यात हलकं चालावं. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करून दीर्घ श्वास सोडला की ती बहुधा जाते. नडगीच्या आतल्या कडेने हातभर दुखत असेल तर आठवडाभर पळणं अर्ध्यावर आणा. पण एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, दाबल्यावर कळ येत असेल, पळताना ती वाढत जात असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल किंवा चालण्यात लंगड येत असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना टाचेत सणक येणं हे तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं. त्यावर पोटऱ्या ताणण्याचा आणि बळकट करण्याचा उपयोग होतो, मात्र चिकाटी लागते. पळून गुडघे झिजतात ही भीती मात्र मनातून काढून टाका. हौसेने, बेताने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्यांची झीज बैठं आयुष्य काढणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलेली नाही, उलट कमीच दिसते. ज्यांची झीज आधीच झाली आहे त्यांनी अर्थात विचारून करावं.

हाडं आणि स्नायूबंध यांना मदत करायची असेल तर आठवड्यातून दोनदा, पळण्याच्या दिवसांखेरीज, पंधरा मिनिटं ताकदीचा व्यायाम करा. याला पर्याय नाही, आणि लोक नेमका हाच टाळतात. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, कठड्याला हात धरायचा, टाचा सावकाश वर न्यायच्या आणि त्याहून सावकाश खाली आणायच्या. पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. हाच प्रकार गुडघे थोडे वाकवूनही करा, कारण पळताना पोटरीच्या आतल्या स्नायूवर सर्वांत मोठा भार येतो आणि तो गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो. दोन-तीन महिन्यांनी एकेका पायावर करता आलं पाहिजे. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याचं सेतुबंधासन. एवढं घरच्या घरी होतं.

बूट संध्याकाळी घ्यायला जावं, कारण दिवसभरात पाय थोडे पसरतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. पळण्यासाठीचाच बूट हवा. कॅनव्हासचे शाळकरी बूट किंवा क्रिकेटचे बूट नकोत. त्यापलीकडे सर्वांत महाग बूट सर्वांत चांगला असं काही नाही. दुकानात पाच मिनिटं घालून फिरल्यावर जो सुखाचा वाटतो तो घ्या. पाच-आठशे किलोमीटरांनंतर त्याचा तळ दबतो, मग वरून कितीही नवा दिसला तरी बदलावा. पावलं लांब टाकू नका. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की गुडघ्यावर धक्का बसतो. आखूड आणि भराभर पावलं बरी.

शाळेचं मैदान, पोलीस परेड ग्राउंड, मुंबईत शिवाजी पार्क, कोल्हापुरात रंकाळ्याचा काठ, पुण्यात टेकडी, जे जवळ असेल ते चांगलं. डांबरी रस्त्यावर पळावं लागलं तर तो कडेला उतरता असतो हे लक्षात ठेवा. रोज एकाच बाजूने पळालात तर एक पाय कायम खालच्या अंगाला राहतो, आणि दुखणं त्या एकाच बाजूला धरतं. शक्य तिथे बाजू बदला. कुत्री मागे लागली तर पळू नका. थांबा, त्यांच्याकडे पाठ न करता सावकाश चालत निघा.

कोकणात आणि मुंबईत हवेतला दमटपणा इतका असतो, की घाम निथळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उलट, तिथे घाम वाळतो पण एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच ऊन भाजायला लागतं. दोन्हीकडे उपाय एकच, उजाडताना बाहेर पडा आणि वेग आणखी उतरवा. उन्हाळ्याला जुळवून घ्यायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. उन्हाळ्यात पळताना थंडी वाजायला लागली, डोकं दुखून भोवळ आली तर थांबा, सावलीत बसून अंगावर पाणी ओता आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. अर्ध्या तासाच्या पळण्यात पाण्याची बाटली बरोबर लागत नाही. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी आणि आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी पुरतं. शहरात थंडीच्या पहाटे हवा जमिनीलगत कोंडून राहते, त्यात कचऱ्याच्या शेकोट्या पेटलेल्या असतात. असा धुरकट दिवस असेल तर संध्याकाळी जा. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशा टाळा, आणि भिजलेल्या बुटात रद्दीचे बोळे कोंबून ठेवा, रात्रीतून वाळतात.

बायकांच्या बाबतीत काही गोष्टी मोकळेपणाने बोलल्या जात नाहीत, त्या इथे लिहितो. बाळंतपणांनंतर किंवा पाळी जाण्याच्या सुमारास पळताना लघवीचे थेंब गळणं हे अतिशय सर्रास आढळतं आणि ते बरं होतं. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट त्यासाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवतात. एवढ्यापायी पळणं सोडू नये. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं तशी हाडं वेगाने विरळ होतात, म्हणून वर सांगितलेली सावकाशी त्यांनी आणखी काटेकोरपणे पाळावी, ताकदीचे व्यायाम चुकवू नयेत आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. घट्ट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा ही बुटांइतकीच गरजेची वस्तू आहे. आणि सकाळचा डबा, चहा, शाळेची तयारी यातून आठवड्यातले तीन दिवस चाळीस मिनिटं काढून देणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी आहे. ते झालं नाही तर सगळी माहिती वाया जाते.

वजनाबद्दल खोटी आशा देणं बरं नाही. पळताना किलोमीटरमागे, वजनाच्या दर किलोला, साधारण एक कॅलरी खर्च होते. पंचाहत्तर किलोच्या माणसाने तीन किलोमीटर पळून सव्वादोनशे जाळल्या, तर एक वडापाव त्या भरून काढतो. वजन उतरायचं ते मुख्यतः ताटातून उतरतं. पळण्याने रक्तदाब, साखर, झोप, मन यांना जे मिळतं ते मात्र वजनाचा काटा हलला नाही तरी मिळतं. आपल्या जेवणात प्रथिनं कमी पडतात, तेव्हा पळायला लागल्यावर उसळ, वरण, दही, अंडी यांचं प्रमाण वाढवा. निघण्यापूर्वी केळं किंवा अर्धा कप चहा चालतो; भरल्या पोटी पळू नये.

अर्धा तास जमायला लागला की ओळखीचे लोक शर्यतीची नोंदणी करा म्हणून मागे लागतात. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते, हल्ली जानेवारीत; पुण्याची तर १९८३ पासूनची. अशा ठिकाणी पाच किंवा दहा किलोमीटरमध्ये जरूर उतरा, फार सुंदर अनुभव असतो. पहिल्या वर्षात एकवीस किलोमीटर मात्र नको. साताऱ्याच्या डोंगरी हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटाने कासच्या दिशेने चढून परत उतरायचं असतं, आणि चढापेक्षा उतार मांड्यांना जास्त सोलून काढतो. ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

मध्ये खंड पडणारच. गणपती येतात, पाहुणे येतात, मार्चअखेर कचेरीत रात्र होते. आठवडाभराचा खंड असेल तर सोडलं तिथूनच पुढे जा. दोन-तीन आठवडे गेले तर दम कमी झाल्यासारखा वाटेल, कारण रक्तातला वाढलेला पातळ भाग सर्वांत आधी ओसरतो. त्यासाठी दोन टप्पे मागे येऊन सुरू करा, महिन्यात भरून निघतं. ताप असताना पळायचं नाही, कारण विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. साधा ताप उतरल्यावर आठवडाभर नुसतं चालायचं. डेंग्यू, टायफॉइड किंवा कोविड होऊन गेला असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, पुन्हा साठ सेकंद पळणं आणि नव्वद सेकंद चालणं इथपासून.